काकींच्या बेलमधली चिमणी

आमच्या सोसायटीत कुणाच्या टीव्हीला मुंग्या आल्या की माझं नाव निघतं. वायफाय गेला, मी. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, मी. पहिल्या मजल्यावरच्या एका बाईंचं दूध लागोपाठ दोनदा नासलं, तर त्यांनी मला जिन्यात गाठून विचारलं, "तुमचं ते मशीन काल चालू होतं का हो?" मी म्हटलं, "होतं की. तुम्ही दूध तापवायला विसरलात, हेसुद्धा त्या मशीननेच मला कळवलं." तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत. माझं तोंड असंच आहे, आणि साठीला टेकल्यावर ते काही बदलत नाही.

ते मशीन म्हणजे माझा हॅम रेडिओ. हॅम म्हणजे हौशी लोकांचा रेडिओ. सरकारची परीक्षा द्यायची, लायसन्स घ्यायचं, आणि मग आपल्या घरातून दूरच्या दुसऱ्या हौशी माणसाशी बोलायचं, मध्ये ना फोनची तार ना इंटरनेट. मी मुलुंडला पंप बनवणाऱ्या एका कारखान्याच्या ऑफिसात होते, आता रिटायर झालेय. चौथ्या मजल्यावर, ज्या कोपऱ्यात इतर बायका शिलाई मशीन ठेवतात, तिथे माझा सेट आहे. त्याची केबल खिडकीतून गच्चीवर जाते. तिथे पाण्याच्या टाकीशेजारी एक पाइप उभा केलाय आणि त्याच्या टोकावरून तांब्याची एक वायर दोन्ही बाजूंना तिरकी उतरते. ही माझी अँटेना. कपडे वाळत घालण्याच्या दोरीपेक्षा बारीक आहे, पण सोसायटीला ती टॉवरएवढी दिसते.

त्या वायरीच्या दुसऱ्या टोकाला माझा दादा आहे. म्हणजे तसा तो मालवणच्या पलीकडे, डोंगराच्या पोटात आमच्या गावी वहिनीबरोबर राहतो, पण रोज सकाळी सातच्या सुमाराला तो माझ्या कानाशी असतो. दादा बोटीवर रेडिओ ऑफिसर होता. सुट्टीवर आला की जेवताना चमच्याने ताटावर मोर्सची टिंबं-रेघा वाजवून मला अक्षरं शिकवायचा, आणि आई म्हणायची, "ताटाला पोचे पडतील, मेल्यांनो." त्याचा आवाज म्हणजे काय सांगू! गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायला, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला साकडं घालायला, तोच उभा राहायचा. त्याने "बा देवा म्हाराजा" अशी सुरुवात केली की खळ्यातली कुत्रीसुद्धा उठून बसायची.

दोन वर्षांपूर्वी त्याला झटका आला. डोकं शाबूत राहिलं, पण उजवा हात लुळा पडला आणि जीभ जड झाली. बोलायला गेला की नुसता घोगरा आवाज, शब्द म्हणून एक ओळखू येईना. मी इस्पितळात त्याच्याजवळ बसले होते, तर त्याचा डावा हात कॉटच्या लोखंडी दांडीवर टकटक करत होता. नर्स म्हणाली, पेशंट अस्वस्थ आहे. मी ऐकलं आणि ढसाढसा रडायला लागले. तो चहा मागत होता! इंग्रजी अक्षरांत, आमच्या ताटावरच्या मोर्समध्ये, नीट स्पेलिंग करून चहा मागत होता.

घरी आल्यावर त्याने फोनवर येणं बंद केलं. वहिनीच बोलायची. पण त्याचा सेट पलंगाशी नेऊन ठेवला, मोर्सची 'की', म्हणजे ते दाबायचं बटण, डाव्या हाताखाली आली, आणि माझा भाऊ मला परत मिळाला. सुरुवातीला अक्षरं वाकडीतिकडी यायची. आता बरीच सरळ येतात. माझी चेष्टा करतो, वहिनीच्या आमटीला नावं ठेवतो, हसतोसुद्धा. मोर्समध्ये हसायची दोन अक्षरं ठरलेली आहेत. चार टिंबं, मग दोन टिंबं. ती ऐकली की माझा दिवस चांगला जातो, एवढं साधं आहे ते.

तर अशात सोसायटीच्या बोर्डावर नोटीस लागली. रविवारी जनरल मीटिंग, आणि विषय : गच्चीवरील अनधिकृत वायर काढणे. मी तडक सेक्रेटरींच्या दारात गेले. माणूस वाईट नाही. आमची बिल्डिंग आधी चाळ होती. ती पाडून सोसायटी झाली, तेव्हा जुने आम्ही कोकणातले भाडेकरू तसेच राहिलो आणि वरचे फ्लॅट नवीन लोकांनी घेतले. हे त्या नवीन लोकांतले. नियमावर प्रेम करणारे.

"मॅडम, अकरा जणांच्या सह्या आहेत," ते म्हणाले. "माझ्या स्वतःच्या टीव्हीवर रेघा येतात. आणि भावाशीच बोलायचं ना? व्हॉट्सअ‍ॅप आहे की!"

मला असा राग आला म्हणून सांगू! त्यांना काय सांगायचं, की त्याला त्या इवल्याशा स्क्रीनवरची अक्षरं डाव्या हाताने सापडत नाहीत, दहा मिनिटं खटपट करून एक चुकीचा शब्द जातो आणि मग तो फोन भिरकावतो. आणि टाइप केलेलं कुणीही केलेलं असू शकतं हो. दादाची की मला अंधारातसुद्धा ओळखू येते. तो कंटाळलाय, चिडलाय, आज बरं वाटतंय, सगळं त्या टिकटिकीत कळतं. यातलं मी काहीच बोलले नाही. मी म्हटलं, "सरकारने लायसन्स दिलंय मला. तुमच्या टीव्हीला दिलंय का?" आणि घरी निघून आले. नवऱ्याने दार उघडताच माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि विचारलं, "वाट लावून आलीस?"

वायर गेली असती तर दादा गेला असता. म्हणजे जिवंत असता, वहिनी "बरे आहेत" असं फोनवर सांगत राहिली असती, पण माझ्यापुरता तो मुका झाला असता. एवढंच डोक्यात होतं. मी मीटिंगची तयारी सुरू केली. लायसन्सची झेरॉक्स काढली. नवऱ्याला की दाबायला बसवलं आणि मी घरातला टीव्ही, वायफाय, फोन, मिक्सर, सगळं एकेक करून तपासलं. कशाला म्हणून काही होत नव्हतं. माझा सेट स्वच्छ होता आणि मी रविवारची वाट बघत होते. सगळ्यांना असं सोलून काढणार होते ना!

आणि शुक्रवारी सकाळी दादाशी बोलून मी भाजी आणायला निघाले, तर खालच्या मजल्यावर, बरोबर आमच्या खालच्या घराच्या उंबऱ्याबाहेर नारळ ठेवलेला. खाली पानाचा विडा, वर हळदकुंकू. तिथे एक काकी राहतात, चाळीपासूनच्या. पंचाहत्तरी ओलांडलीय, गुडघे गेलेत, मुलगा गल्फला. दार उघडंच होतं आणि त्या आत खुर्चीत बसल्या होत्या.

"काकी, हे काय? कसला नारळ?"

"काय सांगू गो बाये," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी बेल वाजता. उठान दार उघडलंय तर कोण नाय. पयल्यांदा वाटला, पोरां गंमत करतत. मगे वाटला, गावच्या देवाचा काय तरी करूचा रवला आसात. म्हणान गाऱ्हाना घातलंय नि नारळ ठेवलंय."

"रोज सकाळी कधी?"

"सातच्या आसपास. आज तर वाजतच रवली."

मी त्यांच्या दारावरच्या बेलकडे बघितलं. चिमणीच्या आवाजाची जुनी बेल. तिची वायर भिंतीवरून पट्टीत घालून पार स्वयंपाकघरापर्यंत नेलेली, चांगली लांबलचक. एवढी लांब वायर माझ्या सेटखाली पसरलेली, ती अँटेनासारखी माझ्या लहरी पकडणार, गप्प थोडीच बसणार? मी जगातली सगळी यंत्रं तपासली होती आणि बेल हे यंत्र आहे, हेच मला सुचलं नव्हतं. आणि ही बाई बिचारी दुखऱ्या गुडघ्यांनी रोज उठत होती, दार उघडत होती, आणि तक्रार कुणाकडे करत होती? तर देवाकडे!

अकरा सह्यांत काकींची सही नव्हती. मी गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. खोटं कशाला सांगू, भाजी घेऊन वर येईपर्यंत माझं तेच चाललं होतं. रविवार होऊ दे, वायर वाचू दे, मग हळूच बेल दुरुस्त करू. दुसऱ्या दिवशी सकाळी, सेटचा जोर अगदी कमी करून, मी दादाला हे सगळं कळवलं. मला वाटलं, तो म्हणेल, हुशार आहेस. तिकडून मात्र एकेक अक्षर आलं : आधी बेल. मग भांडण.

बोटीवर असताना काय किंवा पलंगावर काय, मोठा भाऊ तो मोठा भाऊच!

मी खाली गेले आणि काकींना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग कपाळावर आठी घालून विचारलं, "म्हणजे तो नारळ मी तुका ठेवलंय?"

"तसंच झालं म्हणायचं, काकी."

"मगे घेऊन जा नि सोलकढी कर. नि माका आणून दी."

मी वर नवऱ्याला फोन लावला. "दाब." काकींच्या दारावरची चिमणी चिवचिवली. "सोड." गप्प. "दाब." चिवचिव. काकींनी तोंडाला पदर लावला आणि खुदुखुदु हसायला लागल्या. "अगे बाये! परत कर बघू!" आम्ही ते इतक्या वेळा केलं की वरून नवरा ओरडला, "अगं, मी काय बेलवाला आहे का?"

मग त्यांनी विचारलं, "इतक्या सकाळी कोणाशी बोलतस गो?" मी सांगितलं. चहाची गोष्ट सांगितली, देवळातल्या आवाजाची सांगितली. त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपचं नाव काढलं नाही. एवढंच विचारलं, "हसता काय गो तो, ह्याच्यातसून?" मी म्हटलं, हसतो. आणि चमच्याने त्यांच्या स्टीलच्या पेल्यावर ती चार टिंबं, दोन टिंबं वाजवून दाखवली. बेलवर उपाय सोपा होता. रेडिओच्या लहरी अडवणारी फेराइटची काळी रिंग मिळते, तिच्यातून बेलची वायर चार-पाच वेढे देऊन घेतली की झालं. पण ती लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणायची होती, म्हणजे सोमवार उजाडणार. काकी म्हणाल्या, "काय घाई नाय."

रविवारी खाली पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या. एरवी कोरम भरत नाही, पण माझ्यासाठी सगळी सोसायटी हजर! सेक्रेटरींनी अकरा तक्रारी वाचून दाखवल्या. दुधाचीसुद्धा. मग मला म्हणाले, बोला.

मी उठले आणि म्हटलं, "यातली एकही माझी नाही, असं मला वाटतं. पण मी चुकत असेन. दर रविवारी एकेकाच्या घरी येऊन तपासून देईन. मात्र माझ्यामुळे एका घरात त्रास होतो, हे खरं आहे, आणि तो या कागदावर नाही. काकींची बेल माझ्यामुळे वाजते."

झालं! एकच गलका. "बघा, कबूल केलं!" "आज बेल, उद्या सिलिंडर उडेल!" आमची जुनी चाळीतली माणसंसुद्धा, ज्यांच्या पोरांना मी गणित शिकवलं, ती हात वर करायच्या तयारीत. सेक्रेटरी म्हणाले, "मग मतदान घेऊन टाकू." दादाचं ऐकलं आणि घात झाला, असं मला स्पष्ट वाटलं.

तेवढ्यात काकी काठी टेकत उठल्या. त्या कधी मीटिंगमध्ये बोलत नाहीत. त्यांनी पदर डोक्यावरून घेतला, हात जोडले, डोळे मिटले आणि एकदम चढ्या आवाजात सुरू झाल्या :

"बा देवा म्हाराजा! आज सगळे मेंबर हय जमलेत. ह्या बायेचो भाव थय गावाक आसा, तेची वाचा गेली. तेचा बोलणा गच्चीवरच्या वायरीतसून येता. तर ती वायर जशी आसा तशीच रवांदे रे म्हाराजा!"

आणि आमची सगळी कोकणातली मंडळी, सह्या केलेली, न केलेली, जन्मभराच्या सवयीने एका सुरात गर्जली : "व्हय म्हाराजा!"

पुढच्याच क्षणी त्यांना कळलं, आपण काय बोललो. पण काकी थांबतात कसल्या!

"जेका कोणाक तरास झालो आसात, तेचो तरास ही बाय सोता जाऊन दूर करांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"नि ह्या सेक्रेटरीचो टीव्ही चांगलो चलांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी तर मीसुद्धा ओरडले.

सेक्रेटरी बघतच राहिले. "हे काय झालं? ठराव पास झाला का?" त्यांनी शेजारच्या खजिनदारांना विचारलं. खजिनदार आमचेच, देवगडचे. सह्यांत पहिली सही त्यांची. डोकं खाजवत ते म्हणाले, "साहेब, आता काय बोलणार? गाऱ्हाण्याला होय म्हटलंय. ते परत घेता येत नाही." आणि खरंच कुणी हात वर केला नाही. सेक्रेटरींनी सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं, मग स्वतःही हसले आणि पुढचा विषय घेतला, पाण्याच्या टँकरचा. त्यांच्या टीव्हीवरच्या रेघा मी त्याच संध्याकाळी घालवल्या. गच्चीवरचा त्यांच्या केबलचा जोड गंजून सुटला होता.

सोमवारी रिंग आणली, काकींच्या बेलच्या वायरीवर बसवली. नवऱ्याने दाबलं, चिमणी गप्प. दाबलं, गप्प. बाहेरचं बटण दाबलं की मात्र नीट वाजत होती. मला अगदी कृतकृत्य वाटलं. काकींनी सोलकढीचा रिकामा पेला तेवढा परत दिला.

दुसऱ्या दिवशी मी दादाशी पोटभर बोलले. मीटिंगचं मात्र दिवसभर अक्षरं जुळवून नीट रंगवून सांगायचं म्हणून राखून ठेवलं. सेट बंद करून उठते, तर आमची बेल वाजली. दारात काकी. लिफ्टची वाटही न बघता एक मजला चढून आलेल्या, कठड्याला धरून, धापा टाकत.

"काय झालं, काकी? परत वाजली का?"

"नाय गो. भाव बोलाक नाय आज?"

"बोलला की. चांगला अर्धा तास."

"मगे बेल कशी नाय वाजली?"

"रिंग बसवली ना आपण! आता नाही वाजणार."

त्या खुर्चीत बसल्या. पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "मगे माका कळतला कसा?"

मी म्हटलं, "पण काकी, बेल वाजायची ती माझ्यामुळे. मी की दाबली की. दादाचं तुम्हाला काही ऐकू येत नव्हतं."

"ता माका म्हायत आसा," त्या जरा रागावूनच म्हणाल्या. "शनवारपासून ऐकतंय मी. तू बोलतस तेव्हा वाजता. मधी गप रवता ना, तेव्हा तो बोलता. काल तो तुज्यापेक्षा जास्त बोललो."

खरं होतं. सोमवारी तो वहिनीच्या आमटीवर घसरला होता आणि थांबतच नव्हता. माझ्या आणि त्याच्याशिवाय ते कुणालाच माहीत नव्हतं. मी काकींचे हात हातात घेतले.

"काढ ती रिंग," त्या म्हणाल्या. "दार उघडूक मी आता उठनय नाय. नुसती ऐकतलंय."

रिंग काढली. बुधवारी सकाळी मी दादाला मीटिंग सांगितली, काकींचं गाऱ्हाणं शब्दन् शब्द. खाली चिमणी चिवचिवत होती. माझ्या खिडकीपर्यंत आवाज येत होता. सगळं सांगून झालं आणि मी की सोडली. बराच वेळ तिकडून नुसती खरखर. मला वाटलं, दमला असेल. मग डाव्या हाताने, सावकाश, पण एकही अक्षर न चुकवता त्याने पाठवलं : व्हय म्हाराजा.

मी लगेच उत्तर दिलं नाही. खाली बेल गप्प होती, आणि काकी ऐकत होत्या.